करकोचे, तार आणि कोपऱ्यातला हात

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी मी लॅबमध्ये रक्ताच्या काचा तपासत बसले होते, तेव्हा कचरूअण्णांचा फोन आला. अण्णा कधी हालहवाल विचारत नाहीत, एकदम मुद्द्यावर येतात. "ताई, आणखी एक मेला तारंला धडकून. साहेब म्हनतो, पक्षी तारंला धडकतानाचा फोटू आना, मग बघू. तुमी येता का?"

कचरूअण्णा म्हणजे शिरूर कासार तालुक्यातल्या एका तलावाकाठचे शेतकरी. त्याआधी एकतीस वर्षं ते एसटीचे ड्रायव्हर होते. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मागे एका जागेचं नाव लिहिलं आणि पुढच्याच रविवारी तिथे सात गाड्या उभ्या राहिल्या. अण्णांची माझी ओळख दोन वर्षांपूर्वीची. त्यांच्या तलावावर थंडीत करकोचे उतरतात. कमरेइतक्या उंचीचे, राखी रंगाचे, गळ्यापासून छातीपर्यंत काळे आणि कानामागे पांढऱ्या पिसांचे झुबके असलेले हे पक्षी हिमालय ओलांडून येतात. मी त्यांचे फोटो काढायला गेले होते. मागच्या वर्षीही गेले होते. दोन्ही वेळा मिळून आठशेच्या वर फोटो काढले आणि त्यातला एकही धड नव्हता. एवढा मोठा पक्षी समोरून उडत जातो आणि माझ्या फोटोत नुसता धुराचा लोट दिसतो, याचा मला मनस्वी राग होता.

अडचण उजेडाची होती. करकोचे पाण्यात उभे राहून रात्र काढतात आणि सूर्य डोंगरावर यायच्या आधी उडतात. त्यातून जानेवारीत कधी ढग, कधी धुई. ज्या वेळी माणसाला चपला शोधाव्या लागतात, त्या वेळी मला साडेपाच फुटी पंखांचा पक्षी उडताना टिपायचा होता. पण आता प्रश्न माझ्या हौसेचा राहिला नव्हता. डोंगरावरच्या पवनचक्क्यांकडून आलेली नवी वीजवाहिनी तलाव आणि शेतं यांच्या मधून गेली होती. त्या तारांना चमकत्या चकत्या लावल्या तर पक्ष्यांना त्या लांबून दिसतात. अण्णांनी तालुक्याच्या कचेरीत तसा अर्ज दिला होता आणि तिथल्या साहेबाला पुरावा हवा म्हणून तो पडून होता. मी चार दिवसांची रजा टाकली. या वेळी फोटो घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

शुक्रवारी सकाळी संभाजीनगरहून बीडची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे बीड शंभर-सव्वाशेत होतं. लेन्सची पेटी मात्र मांडीवर घेऊन बसा, वर ठेवू नका. गेवराईच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रेंगाळते, ते गृहीत धरा. बीडच्या स्टँडवर नेकनूरची गाडी लागली होती आणि ती शिरूरचीच समजून मी चढले. कंडक्टरने पाटी वाचायला लावून खाली उतरवलं. शिरूर कासारची गाडी तासाभराने मिळाली. तुम्ही येणार असाल तर मुक्काम बीडलाच करा, तिथे लॉज आहेत. शिरूरला आधी कुणाला तरी विचारून ठेवा.

स्टँडवर अण्णा मोटारसायकल घेऊन उभे होते, अंगात खात्याचा तोच जुना खाकी स्वेटर. त्याच्या उजव्या बाहीच्या टोकाचे धागे सुटून लोंबतात. गिअर टाकताना ते गुडघ्यावर घासून घासून गेले असं ते सांगतात. त्यांच्या पत्नी सुमनकाकू दरवर्षी तो स्वेटर पुसायला घेण्याची धमकी देतात.

गावात शिरलं की जानेवारीतलं शिरूरकडचं गाव कसं असतं ते कळतं. दर दोन घरांमागे एकाला कुलूप. माणसं दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेली, ती उन्हाळ्याच्या तोंडावर येणार. जाताना ती हरभरा पेरून जातात आणि मागे राहिलेल्यावर रान सोपवून जातात. अण्णांकडे आठ घरांची राखण होती. त्याबद्दल कुणी काही देत-घेत नाही, फक्त जाताना घरातला कर्ता माणूस बांधावर येऊन "अण्णा, लक्ष असू द्या" म्हणतो, बस्स. आठही शेतं एकाला एक लागून आहेत, तलावापासून दोन-तीनशे पावलांवर. आणि मधून ती वाहिनी.

राखण कसली, तर याच करकोच्यांपासून. घाटे भरायला लागले की थवा येऊन उतरतो आणि पट्टाच्या पट्टा साफ करतो. अण्णा धारा काढून फटफटताना रानात जातात, तेलाचा रिकामा डबा बडवतात आणि गोफण फिरवतात. दगड ते पक्ष्यांच्या खूप अलीकडे, मोकळ्यात टाकतात. एकाही करकोच्याला आपला दगड लागलेला नाही, हे त्यांनी मला पहिल्या वर्षीही सांगितलं होतं आणि त्या दिवशीही दोनदा सांगितलं. एकतीस वर्षांत एक अपघात नाही म्हणून खात्याने त्यांना बिल्ला दिलेला आहे. तो देवघरात असतो.

शनिवारी पहाटे मी बांधावरच्या बोरीआड बसले. साडेसहाला पाण्यावरून क्रुर्र क्रुर्र आवाज सुरू झाला आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. पक्षी उडाले, तारांच्या बरेच वरून आले, गोल फिरून हरभऱ्यात उतरले. मग अण्णा आले, डबा वाजला, थवा उठला आणि पाण्याकडे परत गेला. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा मामला. मी शटर हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं होतं, पंख गोठवायचे म्हणून. मी अण्णांकडेच उतरले होते, तिथे येऊन बघते तर सगळे फोटो कोळशासारखे काळे. ते ओढूनताणून उजळले तर नुसती खसखस. मूर्खासारखं मी उन्हातलं गणित अंधारात मांडलं होतं.

रविवारी दुसऱ्या टोकाला गेले. शटर साठावर आणलं. फोटो उजळ आले आणि सगळ्या पक्ष्यांना बारा बारा पंख फुटले. त्यात धुई होती, खांब तेवढे दिसत होते, तार दिसतच नव्हती. नशिबाने त्या दिवशी तारेला कुणी धडकलं नाही. मी चहा न घेता ओसरीवर बसून राहिले. काकूंनी भाकरी, येसराची आमटी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी पुढे ठेवली आणि म्हणाल्या की फोटो नाही आला म्हणून भाकरीवर राग काढायचा नाही. मी मुकाट्याने तीन भाकरी खाल्ल्या.

जेवण झाल्यावर डोकं ठिकाणावर आलं. मी रस्त्याकडेला जाऊन सराव सुरू केला. कॅमेरा पक्ष्याच्या वेगाने, कमरेपासून वळत, त्याच्याबरोबर न्यायचा आणि शटर दाबल्यावरही थांबायचं नाही. आधी बगळ्यांवर केला, मग घारींवर. पक्षी संपले तेव्हा एसटीवर केला. अण्णा शेजारी उभे राहून सूचना देत होते. "गाडी आल्यावर बघू नका ताई. यायच्या आधी बघा. अंधारात डायवर समोरचं न्हाई बघत, म्होरलं बघतो." हा सल्ला मला एकाही फोटोग्राफीच्या वर्गात मिळाला नव्हता. दुपारी साडेतीनच्या गाडीच्या ड्रायव्हरने मला पाहून काच खाली घेतली आणि अण्णांना विचारलं की हे खात्याचं नवीन चेकिंग आहे का.

वाचकांपैकी कुणाला उपयोग झाला तर सांगते. माझी लेन्स चारशे मिलिमीटरची, जुनी, फार उजेड आत न घेणारी. अशा लेन्सवर पहाटेच्या ढगाळ उजेडात शटर अडीचशे ते सव्वातीनशेच्या मध्ये ठेवा. पंखांची टोकं थोडी पुसट येतील, येऊ द्या, डोकं आणि डोळा धरा. आयएसओ चौसष्टशेपर्यंत बिनधास्त चढवा, दाणे दिसले तर दिसले. आणि मागे फिकट आभाळ असतं, म्हणून कॅमेरा सांगेल त्याहून दीड पायरी जास्त उजेड द्या, नाहीतर पक्षी काळा पडतो. हे सगळं आदल्या रात्री लावून ठेवा, कारण पहाटे बोटं ऐकत नाहीत.

सोमवारी ढग होते पण धुई नव्हती. मी जागा बदलली, शेताच्या उगवतीच्या कोपऱ्यात खाली बसले, म्हणजे हरभरा, तार आणि मागचं पाणी एका रेषेत येणार होतं. पावणेसातला थवा आला आणि उतरला. साठेक असतील. मी कॅमेरा तारेवर धरून थांबले, यायच्या आधी बघत. डबा वाजला. थवा उठला, आणि मी त्यांच्याबरोबर वळत गेले, बोट शटरवरून उचललंच नाही. चौथा की पाचवा पक्षी तारेपाशी एकदम उभा झाला, जसा माणूस अंधारात दाराला धडकतो तसा, आणि सरळ खाली आला.

पहिल्या क्षणाला मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. दोन वर्षांचा हट्ट पुरा झाला होता आणि हाताला कळलं होतं की मिळाला. दुसऱ्या क्षणाला अण्णा धावताना दिसले आणि मग माझे पाय उठले. पक्षी उसाच्या जुन्या सरीत पडला होता. मान वळलेली, डोळा लाल आणि उघडा. अण्णांनी त्याच्यावर हात ठेवला तेव्हा तो एकदा हलला आणि संपला. अण्णांनी टोपी काढली. मग म्हणाले, "आला का फोटू?" मी हो म्हटलं.

ते वनखात्याला फोन लावायला बांधावर गेले आणि मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहिले. दाणेदार, करडे, पण स्पष्ट. पक्ष्याची छाती तारेला टेकलेली, पंख मागे उलटलेला, तार वाकलेली. यापेक्षा चांगला पुरावा असूच शकत नव्हता. फक्त डाव्या कोपऱ्यात, वर उचललेला एक हात होता. हातात गोफण, आणि बाहीच्या टोकाचे लोंबणारे धागे.

मी मागे मागे जाऊन सगळे फोटो पुन्हा पाहिले, तिन्ही दिवसांचे. लॅबमध्ये अशीच सवय आहे, एका काचेवर निकाल द्यायचा नाही. तिन्ही दिवस पक्षी स्वतःहून येताना तारेच्या कितीतरी वरून आले होते. परत जाताना मात्र ते दचकून उठले होते. करकोच्याला उडायला आधी धावावं लागतं, मग हळूहळू उंची मिळते. डबा वाजला की धावायला सवड नाही, समोर पाणी दिसतं तिकडे खालूनच झेप घ्यायची, आणि बरोबर त्या उंचीवर तार. दगड खरंच कुणाला लागला नव्हता. लागायची गरजही नव्हती.

मी ठरवलं की हे बोलायचं नाही. कोपरा कापला की झालं. फोटोत तार राहील, पक्षी राहील, अण्णांचा अर्ज मंजूर होईल, आणि असा कापलेला फोटो मला एका स्पर्धेलाही पाठवता येईल, हेही मनात येऊन गेलं.

घरी आल्यावर अण्णा हरखून गेले होते आणि सुतकातही होते. काकूंनी फोटो बघायला मागितला. मी नेमका पक्षी आणि तार एवढाच भाग मोठा करून दाखवला. काकूंनी मोबाइलवर नातवंडांचे फोटो बघतात तसं बोट फिरवलं, पण माझा कॅमेरा जुना, पडदा बोटाला दाद देईना. त्यांनी विचारलं, याच्या मागचा कसा बघायचा. मी बटण दाखवलं. मागच्याच्या मागचा बघत त्या थांबल्या.

"ह्यो हात तुमचा हाय," काकू म्हणाल्या.

अण्णांनी चष्मा लावला. मी काहीतरी सांगायला लागले, की तार नसती तर काहीच झालं नसतं, ते खरंही आहे. अण्णांनी मला थांबवलं आणि एकेक फोटो पुढे मागे करत सगळे पाहिले. बसलेले पक्षी. हात. उठलेले पक्षी. तार. मग त्यांनी शनिवारचे पाहिले, मग रविवारचे. काकूंनी केलेला चहा निवून गेला. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. ज्या माणसाने या पक्ष्यांसाठी चार कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, त्याला हे मी दाखवलं होतं, आणि तेही त्याच्याच ओसरीवर बसून.

मी म्हटलं, कोपरा कापून देते, साहेबांना तेवढंच लागतं.

दुपारी चारच्या सुमारास वनरक्षक मोटारसायकलवर आले. तरुण होते, सकाळपासून दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी विहिरीत पडलेलं हरीण काढून आलेले, बुटांना अजून चिखल होता. पंचनामा लिहायला बसले. पक्षी कोणता, कुठे पडला, कोणी पाहिला, हे सगळं झालं आणि मृत्यूचं कारण आलं. "वीजवाहिनीची धडक," असं स्वतःच म्हणत ते लिहायला लागले.

"थांबा," अण्णा म्हणाले. "मी डबा वाजवला, गोफन फिरवली. त्या भ्यानं उठला आन् तारंत गेला. तसं लिवा."

वनरक्षकांनी लेखणी उचलली. असं लिहिलं तर तुमच्यावर येऊ शकतं, हे त्यांनी आडवळणाने नाही, सरळच सांगितलं. शिवाय वाहिनीवाले म्हणतील, गावकरीच हाकलतात, आमचा काय दोष. अर्जाचं काय होईल याचा विचार करा. काकू दारात उभ्या होत्या. मलाही वाटलं की अण्णांनी गप्प बसावं.

"एकतीस वर्सं गाडी चालवली साहेब," अण्णा म्हणाले. "पंचनाम्यात आपली गाडी झाकून दुसऱ्याची दावायची, असं कदी केलं न्हाई. तार बी लिवा, मी बी लिवा."

वनरक्षकांनी मग दोन्ही लिहिलं. पीकराखण करताना आवाजाने उडालेला थवा, कमी उजेड, खूण नसलेली वाहिनी. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णांनी सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. जाताना वनरक्षकांनी अण्णांना नमस्कार केला, हे मला फार बरं वाटलं.

पण राखणीचं काय, हा प्रश्न उरलाच. डबा बंद केला तर हरभरा जाणार, आणि तो अण्णांचा नव्हता, आठ घरांचा होता. संध्याकाळी ते ओसरीवर बसून एकेकाला फोन लावत होते, आणि पलीकडून कुठल्या तरी उसाच्या फडावरचा ट्रॅक्टर ऐकू येत होता. प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं, आपल्या हातून काय झालं ते आधी, आणि मग परवानगी मागितली. त्यांची युक्ती साधी होती. आपण उशिरा जातो, तोवर पक्षी उतरलेले असतात, म्हणून हाकलावं लागतं. त्यांच्या आधी जाऊन शेतात उभं राहिलं तर ते उतरणारच नाहीत, वरच्या वर पडीक माळाकडे जातील. एक-दोन दिवस ऐकलं नाही आणि थोडं खाल्लं तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं. सात जण हो म्हणाले. आठवा म्हणाला, "खाऊ द्या वं अण्णा थोडं. तुमी कावून थंडीत उभं राह्यता?" अण्णा म्हणाले, पाचची पहिली गाडी आयुष्यभर काढली, मला काय थंडी सांगतोस.

मंगळवारी पहाटे पाचला आम्ही दोघं हरभऱ्यात उभे होतो, तो एका टोकाला बॅटरी घेऊन, मी दुसऱ्या टोकाला. तो म्हणजे अण्णा. लिहिताना एकेरीत आलं, राहू दे, तेवढी जवळीक त्या पहाटे वाटली. कॅमेरा मी पेटीतच ठेवला होता. उजेड सगळ्या दिवसांपेक्षा वाईट होता. आवाज आला, थवा आला, आमच्या डोक्यावर एक फेरी मारली, खाली माणसं उभी आहेत हे पाहिलं, आणि आवाज करत माळाकडे निघून गेला. तार त्यांच्या पायांखाली केवढीतरी खोल राहिली होती. अण्णांनी बॅटरी बंद केली आणि आम्ही चहाला गेलो.

आता घरी येऊन महिना होत आला. त्या फोटोच्या तीन प्रती काढल्या, कोपरा न कापता. एक अर्जाला जोडली, तो अर्ज अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे आणि मी दर सोमवारी फोन करते. त्यांना माझा आवाज पाठ झाला आहे, होऊ दे. दुसरी अण्णांना पाठवली. त्यांनी ती गावच्या पिठाच्या गिरणीत लावली, दळण टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी, आणि ऊसतोडीहून लोक परतले की हात कुणाचा ते स्वतःच सांगणार आहेत. तिसरी माझ्या टेबलासमोर आहे. स्पर्धेला पाठवली नाही. करकोच्याचा सुरेख, मोकळा उडतानाचा फोटो माझ्याकडे आजही नाही, पण त्याची रुखरुख कमी झाली आहे.

सकाळी सात वाजता मी डबा भरत असते तेव्हा रोज फोन वाजतो. अण्णा अजूनही हालहवाल विचारत नाहीत.

"वरून गेले," एवढंच सांगतात आणि ठेवतात.